शिल्लक किती, आणि किती दिवसांची?

बेकारी भत्त्याच्या पडून राहिलेल्या अपिलांबद्दल अमेरिकेच्या श्रम खात्याला खुलं पत्र

प्रति,
माननीय श्रम सचिव
आणि राज्यांच्या बेकारी विम्यावर देखरेख करणारे आपल्या खात्यातले अधिकारी,
फ्रान्सिस पर्किन्स बिल्डिंग, वॉशिंग्टन डी. सी.

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने आपल्याकडे रवाना झाली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांसाठी. अमेरिकेतल्या आमच्या मराठी घरांत 'अनएम्प्लॉयमेंट' हा शब्द अजून दार लोटून घेऊन उच्चारला जातो. मंडळाच्या गणपतीत कुणाची नोकरी गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिने क्लेम टाकला का, तो नाकारला गेला का, पुढे अपील केलं का, हे कुणी विचारत नाही. तेव्हा आपल्याला जे विचारायचं आहे ते आमच्याही मंडळींच्या कानावर पडावं, म्हणून हा उघड पत्रव्यवहार.

दर गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता आपलं खातं एक आकडा जाहीर करतं. मागच्या आठवड्यात देशभरात किती जणांनी बेकारी भत्त्यासाठी नव्याने अर्ज केला, तो आकडा. शेअर बाजारवाले त्याच्याकडे डोळे लावून बसतात, दुपारपर्यंत त्याच्यावर लेख पडतात. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला तो एका आठवड्यात ६० लाखांच्या पुढे गेला, तेव्हा कराडला बसलेल्या माझ्या मामाने तो बातम्यांत ऐकून मला फोन केला होता. एवढा तो आकडा फिरतो. पण अर्ज नाकारला म्हणून ज्यांनी अपील केलं आणि ज्यांच्या अपिलावर अजून निकालच झालेला नाही, अशी माणसं आज किती, त्यांतला सगळ्यात जुना माणूस किती दिवस थांबलाय, हे कुठल्याच गुरुवारी कुणी सांगत नाही. माहिती आपल्याकडे नसते असंही नाही. राज्यं दर महिन्याला ती आपल्याला कळवतात. मग ती आपल्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात, नमुना क्रमांकाच्या नावाने, नुसत्या आकड्यांच्या फायलींत जाऊन बसते. ज्याचं अपील अडकलंय तो 'ईटीए ९०५५' असं शोधत तिथवर येईल अशी अपेक्षा असेल, तर कोपरापासून नमस्कार.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. सोमवारची सकाळ म्हणजे गोषवाऱ्याची. प्रत्येक कारकुनाने आपल्या नोंदवहीवरून आठवड्याचा हिशेब काढायचा: मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निर्गत, अखेर शिल्लक. निर्गतीचा रकाना फुगलेला असला की साहेब खूश. वडील मात्र त्या रकान्यावरून बोट सरकवत शेवटच्यावर आणायचे आणि विचारायचे, "शिल्लक किती, आणि किती दिवसांची?" कारण त्यांना कारकुनांची युक्ती माहीत होती, स्वतः तरुणपणी केलेलीच होती. आठवड्यात चाळीस कागद निकालात काढायचे, पण ते सगळे त्याच आठवड्यात आलेले, सोपे, दोन सह्यांचे. गठ्ठ्याच्या तळाशी संजय गांधी निराधार योजनेतला एखाद्या विधवेचा अर्ज, एका दाखल्यावाचून अडलेला, सात महिन्यांचा झालेला. चाळीसांच्या निर्गतीत ती बाई कुठेच दिसत नाही. हे सगळं वडील जेवताना सांगायचे आणि आम्हा भावंडांना जांभया यायच्या. पुढे एक दिवस मीच अशा एका गठ्ठ्याच्या तळाशी जाऊन पडेन, असं तेव्हा कुणाच्या मनात येणार?

मी कुठल्या राज्यात राहते ते इथे लिहीत नाही, कारण हे गाऱ्हाणं एका राज्यापुरतं नाही. एका गोदामाच्या कचेरीत मी हिशेब बघत होते. २०२० च्या उन्हाळ्यात साहेबांनी सांगितलं, "सध्या येऊ नका, आम्ही कळवू." कळवलं नाही. मी क्लेम टाकला. कंपनीकडून राज्याला उत्तर गेलं की बाईंनी नोकरी स्वतःहून सोडली. दीड पानाचं नकाराचं पत्र आलं. त्यात कारण एका ओळीचं आणि बाकी सगळी कलमं. चौथ्या दिवशी मी अपील पाठवलं. पोच आली: अपील मिळालं, क्रमाने सुनावणी होईल. कितवा क्रम? फोनवर तासन् तास संगीत ऐकून एकदा एक बाई भेटल्या. बिचाऱ्या फार गोड बोलल्या, पण त्यांच्या पडद्यावर 'प्रलंबित' एवढा एकच शब्द होता.

अपिलापासून सुनावणीपर्यंत १९८ दिवस गेले. सुनावणी फोनवर, २२ मिनिटांची. कंपनीचा माणूस आलाच नाही. मी जिंकले. जिंकले म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे. हरले असते तर लोक म्हणाले असते, हिचा राग आहे.

पैसे मिळाले, एकरकमी मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या १९८ दिवसांतल्या अंधाराची आहे. दीडशे मैलांवरच्या गावात मला निम्म्या पगाराची एक नोकरी मिळत होती. ती मी घेतली नाही, कारण निकाल 'आता येईल, पुढच्या आठवड्यात येईल' असं वाटत राहिलं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं की बाई, तुमच्या पुढे इतकी हजार अपिलं आहेत आणि आज आम्ही अमुक तारखेची ऐकतो आहोत, तर मी डोळे मिटून ते निम्म्या पगाराचं काम धरलं असतं. मुलीची व्हायोलिनची शिकवणी सुटली नसती. आणि ज्यांच्याकडून घरभाड्याचे पैसे उसने घेतले, त्या मैत्रिणीकडे आज मान वर करून जाता आलं असतं.

इथे आमच्या लोकांसाठी थोडं सांगते, कारण भत्ता म्हटलं की अनेकांना ती सरकारने टाकलेली भीक वाटते. हा विमा आहे. त्याचा हप्ता मालक कर म्हणून भरतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या ३ राज्यांत तर कामगाराच्या पगारातूनही कापला जातो. ज्या मालकाकडची जास्त माणसं भत्ता घेतात त्याच्या कराचा दर चढतो. म्हणून काही मालक क्लेमला हरकत घेतात, आणि मोठ्या कंपन्या त्या कामासाठी वेगळी माणसंच नेमतात. एच-वन-बीवाल्यांची गोष्ट निराळी. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. भत्ता त्यांच्या वाट्याला सहसा येतच नाही. पण ग्रीन कार्डवाले, नागरिक झालेले आणि कामाचा परवाना असलेल्या कित्येक जणींचा त्यावर हक्क असतो, आणि नाकारला गेला तर अपिलाचाही.

तो हक्क कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. आपल्या इमारतीला ज्यांचं नाव आहे त्या, तेव्हाच्या श्रम सचिव फ्रान्सिस पर्किन्स यांच्या समितीच्या कामातून १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा उभा राहिला. त्याच्या कलम ३०३ मध्ये दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. भत्ता देय होताच पूर्ण मिळाला पाहिजे, आणि ज्याचा अर्ज नाकारला त्याला निःपक्षपाती न्यायाधिकरणापुढे योग्य सुनावणी मिळाली पाहिजे. १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या जावा नावाच्या बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचा भत्ता मंजूर झाला होता, पण मालकाने अपील करताच राज्याने तो थांबवला होता. न्यायालयाने सांगितलं की हे कायद्यात बसत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात पैसा लवकर पडावा हाच तर या कायद्याचा हेतू आहे. फार चांगला निकाल. फक्त त्याचा आडोसा मिळतो तो आधी मंजुरी मिळालेल्याला. ज्याला पहिल्याच पायरीवर नकार आला, त्याच्यासाठी अपिलाचा निकाल हाच पहिला पैसा. तो लांबला की कलम ३०३ ची दोन्ही वाक्यं एकदमच मोडतात.

हे ओळखूनच आपल्या खात्याने राज्यांना मुदत घालून दिली. पहिल्या पायरीवरच्या अपिलांपैकी निदान ६० टक्क्यांचा निकाल ३० दिवसांत आणि ८० टक्क्यांचा ४५ दिवसांत. पुढे दुसरं माप आलं: पडून असलेल्या अपिलांचं सरासरी वय ३० दिवसांच्या आत हवं, वरच्या पायरीवर ४० दिवसांच्या आत. कागदावर दोन्ही मापं चोख दिसतात. पण मी हिशेबाच्या कामातली बाई आहे, आणि अव्वल कारकुनाची मुलगी. मला त्यात सोमवारची ती जुनी युक्ती दिसते.

पहिलं माप घ्या. समजा, एखाद्या राज्याकडे महिन्याला हजार निकाल देण्याइतकी माणसं आहेत. त्यांनी ८०० ताजी अपिलं उचलली आणि २०० जुनी. टक्का ८०, राज्य उत्तीर्ण. पुढच्या महिन्यात एखाद्या भल्या अधिकाऱ्याच्या मनात आलं की तळाचा गठ्ठा उपसू या, आणि त्याने ५०० जुनी अपिलं काढली. टक्का ५०, राज्य नापास. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त ताटकळलेल्या लोकांना न्याय मिळाला, त्याच महिन्यात आपण त्या राज्याला सुधारणेचा आराखडा मागणार! हे माप निकाल लागलेल्यांनाच मोजतं. ज्याचा निकाल लागलाच नाही तो त्यात कधी येतच नाही, आणि येतो तेव्हा राज्याचं प्रगतिपुस्तक बिघडवूनच येतो. मग त्याला कोण हात लावील?

आता दुसरं. हजार अपिलं पडून आहेत. ९०० पंधरा-पंधरा दिवसांची, १०० दीडशे-दीडशे दिवसांची. करा सरासरी: साडेअठ्ठावीस दिवस. उत्तीर्ण! शंभर घरांत पाच महिने पैसा नाही आणि अहवालात सगळं आलबेल. त्यातून मंदी आली, नव्या अपिलांचा लोंढा आला की ही सरासरी आधी चक्क खाली येते, कारण नवीन आलेलं प्रत्येक अपील शून्य दिवसांचं असतं. घर जळायला लागल्यावर जो काटा थंडी दाखवतो, त्याच्या भरवशावर आपण ५० राज्यं चालवता.

नमुना ९०५५ मध्ये वयाप्रमाणे रकाने आहेत हे मला माहीत आहे. तेच तर माझं म्हणणं आहे. रकाने आहेत, ते भरलेही जातात, पण उत्तीर्ण-नापास ठरतं सरासरीवर आणि टक्क्यावर. ज्या रकान्यावर कुणाची मान धरली जात नाही, तो रकाना भरणाराही मान वर करून बघत नाही.

शिवाय मोजणी सुरू कधी होते, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात अपील पाठवायचं असतं त्याच खात्याकडे, ज्याने अर्ज नाकारला. ते खातं कागद पुन्हा तपासतं, मत बदललं नाही तर अपील पुढे स्वतंत्र अपील मंडळाकडे पाठवतं. पद्धत वाईट नाही. पहिल्याच टेबलावर चूक सुधारली तर सगळ्यांचेच श्रम वाचतात. पण दोन कार्यालयांच्या मधल्या त्या ओट्यावर कागद किती दिवस बसला, हे कामगाराला कुठे दिसतं? कामगाराची मुदत मात्र घड्याळ लावून मोजली जाते. टेक्ससमध्ये अपिलाला १४ दिवस, कॅलिफोर्नियात ३०. उशीर झाला आणि सबळ कारण नसलं तर अपील बाद. सरकारला उशीर झाला तर काय बाद होतं, ते मी शोधते आहे. अजून सापडलेलं नाही.

याच कॅलिफोर्नियाने एक गोष्ट मात्र बरी केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या राज्यपालांनी नेमलेल्या पथकाला सुमारे १६ लाख अर्जांचं काम तुंबलेलं आढळलं. राज्याने २ आठवडे नवे अर्ज घेणं थांबवलं, साठा संपवायची तारीख जाहीर केली आणि किती उरले ते संकेतस्थळावर मांडायला सुरुवात केली. लोकांनी आकडे बघितले, वर्तमानपत्रांनी छापले, आमदारांनी प्रश्न विचारले. लाजेकाजेने का होईना, काम हललं. अपिलांच्या वाट्याला तसा फळा आला नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने जे लिहिलं ते वाचून मी खुर्चीतून उठले होते: नकारावर झालेल्या अपिलांपैकी निम्म्याहून जास्त प्रकरणांत नकार फिरवला गेला. निम्म्याहून जास्त! म्हणजे अपिलांचा हा ढीग अपील मंडळाच्या आळसाने तेवढा साचलेला नाही. तो पहिल्या टेबलावर तयार होतो. कुठल्या कारणाचे नकार किती वेळा फिरतात हे दर महिन्याला समोर आलं, तर ते टेबल कुठलं, हे शोधायला आयोग नेमावा लागणार नाही.

मिशिगनची गोष्ट तर त्याहून कडू. २०१३ ते २०१५ या काळात तिथे 'मिडास' नावाच्या संगणकप्रणालीने माणसाच्या नजरेखालून न जाता लोकांना भत्ता उकळणारे लबाड ठरवलं. नंतर राज्याने स्वतःच तपासलेल्या २२ हजारांवर प्रकरणांत ९३ टक्के आरोप चुकीचे निघाले. पगार जप्त झाले, करपरतावे वळते झाले, काहींनी दिवाळं जाहीर केलं. २०२२ मध्ये राज्याने २ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ज्याच्या स्पर्शाने सोनं होतं त्या राजाचं नाव कुणी या यंत्राला दिलं असेल ते असो. पण लबाडीच्या आरोपावरची किती अपिलं आली, किती फिरली, किती पडून आहेत, हे तीन आकडे तेव्हा महिन्याच्या महिन्याला लोकांसमोर आले असते, तर दोन वर्षं कुणी गप्प बसलं असतं का?

"माणसं कमी आहेत" हे उत्तर येणार, आणि ते खोटं नाही. राज्यांना कारभारासाठी मिळणारा केंद्राचा पैसा कामाच्या भारावर ठरतो. २०१९ मध्ये बेकारी साडेतीन टक्क्यांपर्यंत उतरली होती. काम कमी, म्हणून पैसा कमी, म्हणून सुनावणी घेणारे अधिकारी कमी. मार्च २०२० उजाडला तेव्हा कपाटं रिकामी होती, आणि अपील ऐकणारा माणूस काही एका महिन्यात तयार होत नाही. त्याला कायदा कळावा लागतो, आणि फोनवर रडणाऱ्या माणसाला प्रश्न कसा विचारायचा तेही. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या महालेखा कार्यालयाने सगळी बेकारी विमा व्यवस्था धोक्याच्या यादीत घातली. तेव्हा माणसं वाढवा, पैसा मागा, आमचा पाठिंबाच आहे. पण पैसा मागायलाही शिल्लक किती ते दाखवावं लागतं. आणि हातात असलेला आकडा लोकांना वाचता येईल असा मांडायला किती माणसं लागतात?

रांग दाखवणं या देशाला जमत नाही असंही म्हणता येणार नाही. आपलाच शेजारी, परराष्ट्र खातं, दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं. ग्रीन कार्डासाठी आज कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज विचारात घेतले जात आहेत, ते देशागणिक, वर्गागणिक त्यात छापलेलं असतं. भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांहून लांब आहे, आम्ही तिच्या नावाने खडे फोडतो; पण अमेरिकेतल्या मराठी घरांत आपली 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतली आपली तारीख, शेंबड्या पोरालाही पाठ असते. बुलेटिनमधली तारीख पुढे सरकली की पेढे, मागे गेली की सुतक. त्या तारखेवर माणसं घर घ्यायचं की नाही ते ठरवतात, आईवडिलांना कधी बोलवायचं ते ठरवतात. दहा वर्षांच्या रांगेचं टोक जर दाखवता येतं, तर सात महिन्यांच्या रांगेचं का दाखवता येऊ नये?

आणि आमच्या भारतातल्या कोर्टांवर तर सगळं जग हसतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ४ कोटींहून जास्त खटले तुंबले आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आमच्याच भाषेतली. पण २०१५ पासून त्या कोर्टांचा साठा कुणालाही घरबसल्या बघता येतो. माझ्या माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात आज किती खटले प्रलंबित, त्यांतले एक वर्षाच्या आतले किती, दहा वर्षांवरचे किती, हे मी अमेरिकेत स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बघू शकते. त्याने खटले संपले नाहीत, खरं आहे. पण घोंगडं भिजत पडलंय आणि किती वर्षं, हे तरी झाकून ठेवलेलं नाही. इथे माझ्या स्वतःच्या अपिलाचं मला एवढंही कळलं नव्हतं.

आपल्याकडे मागणं फार नाही, आणि बहुतेकाला नवा कायदाही लागू नये. प्रत्येक राज्याच्या बेकारी विम्याच्या पानावर, जिथे क्लेम टाकतात तिथेच वर, अपिलांचा गोषवारा लागू दे: मागील शिल्लक, नवीन आवक, निर्गत, अखेर शिल्लक, आणि त्या शिल्लकीचं वय. सरासरी नको. महिन्याच्या आतली किती, तीन महिन्यांवरची किती, सहा महिन्यांवरची किती, आणि सगळ्यात जुनं किती दिवसांचं, ते हवं. मोजणी कामगाराने अपील टाकलं त्या दिवसापासून व्हावी, ते कुठल्याही टेबलावर असलं तरी. निर्गतीतही फोड हवी. निकाल देऊन संपलेलं अपील आणि सात महिन्यांनी फोन लावला तेव्हा माणसाचा नंबर बदललेला होता म्हणून 'गैरहजर' लिहून बाद केलेलं अपील, ही दोन्ही एकाच रकान्यात शोभत नाहीत. अपील कामगाराचं की मालकाचं, कुठल्या कारणाचं, आणि फिरलं की कायम राहिलं, हेही त्यात यावं. पोचपावतीवर एक ओळ वाढवा: आज आम्ही अमुक तारखेला आलेली अपिलं ऐकत आहोत.

आणि ते टक्क्याचं माप दुरुस्त करा. तळाचा गठ्ठा उपसणाऱ्या राज्याला त्या महिन्यात नापास करू नका. जुनी अपिलं किती घटली याचे गुण वेगळे द्या. हे आपल्याला पटायला जड जाऊ नये. वडिलांच्या कचेरीत ते एका तांबड्या पेन्सिलीने व्हायचं. ९० दिवसांवरच्या प्रत्येक प्रकरणापुढे वडील एक तांबडी खूण करायचे आणि पुढच्या सोमवारी आधी खुणा मोजायचे, मग बाकीचं.

उत्तराची वाट बघते आहे. सरासरी ३० दिवसांत आलं तरी चालेल.

आपली नम्र,
एक अपीलकर्ती

ता. क. हे आमच्या मंडळींसाठी. क्लेम नाकारला गेला आणि अपील केलं, तरी दर आठवड्याचं सर्टिफिकेशन, म्हणजे 'मी अजून बेकार आहे' असं भरून देणं, थांबवू नका. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी 'नाहीच म्हणालेत तर कशाला भरायचं' म्हणून ते बंद केलं. पाच महिन्यांनी अपील जिंकल्या, आणि न भरलेल्या आठवड्यांचे पैसे अडकले ते अडकलेच. पत्ता किंवा फोन बदलला तर त्याच दिवशी कळवा. सुनावणीला इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाषा मागा. पैसे पडत नाहीत, पण आधी सांगावं लागतं. फॉर्मवर भाषेच्या चौकटीत 'हिंदी' लिहायची गरज नाही. 'मराठी' लिहा.